गळ्यातली नळी घरी आणताना

नंदगडहून खानापूर दहा-बारा किलोमीटर. तिथून बेळगाव आणखी पंचवीस-सव्वीस. गाडी दारात उभी असली आणि रस्ता मोकळा मिळाला, तरी मोठ्या दवाखान्यात पोचायला तासभर धरावा लागतो. श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेल्या माणसाची ती नळी पूर्ण तुंबली, तर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. म्हणून वॉर्डात जे काम नर्स करते, ते घरातल्या निदान दोन माणसांना यायलाच हवं. त्याला शिक्षण फार लागत नाही. हात स्थिर आणि डोकं थंड असलं की जमतं. बहुतेक घरांत हे सगळं सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर पडतं आणि मुलगा ‘मला ते बघवत नाही’ म्हणून बाहेर उभा राहतो. तसं चालणार नाही. ती बाजाराला गेली असताना नळी तुंबली तर मुलालाच हात घालावा लागेल.

ट्रेकिऑस्टॉमी म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला भोक पाडून तिथून श्वासाची वाट करणं. आपल्या भागात ती दोन तऱ्हेच्या घरांत येते. कुणी दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला असतो, कुणाला पक्षाघात झालेला, कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलेलं, कुणाला मण्यार चावलेली. असा माणूस आठ-पंधरा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला की तोंडातून घातलेली नळी फार काळ ठेवणं बरं नाही, म्हणून डॉक्टर गळ्यातून वाट काढतात. अशा बऱ्याच जणांची नळी पुढे काढता येते. दुसरी घरं घशाच्या कॅन्सरची. निपाणीचा सगळा पट्टा विडीच्या तंबाखूवर उभा राहिला. त्या तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात माणसं गेली. तो भाव पुढे मिळाला-न मिळाला, पण विडी आणि तंबाखूची चिमूट मात्र घराघरांत राहिली, आणि घशाच्या गाठीचं ते एक मोठं कारण आहे.

दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायला वेळ मिळाला, तर हा विचारा: आमच्या माणसाची नाका-तोंडाची वाट अजून उघडी आहे का? साध्या ट्रेकिऑस्टॉमीत ती बहुधा उघडी असते. नळी निघाली तरी थोडी हवा वरून जाऊ शकते. पण कॅन्सरमुळे सगळं स्वरयंत्रच काढून टाकलं असेल, तर श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या कातडीला शिवलेलं असतं आणि नाका-तोंडाचा फुप्फुसाशी संबंध उरत नाही. अशा माणसाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला तर तो वाया जातो. धावपळीत, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, नव्या डॉक्टरसमोर हीच गोष्ट सांगायची राहून जाते. इंग्लंडमधल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये यासाठी खाटेवर लावायच्या वेगवेगळ्या पाट्या ठरवून दिल्या: वरची वाट उघडी असलेल्यांसाठी हिरवी, फक्त गळ्यातूनच श्वास घेणाऱ्यांसाठी लाल. आपण एका पुठ्ठ्यावर ठसठशीत मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून तो खाटेच्या डोक्याशी लावला तरी काम होतं. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

पहिला आठवडा दवाखान्यातलाच

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पाच-सात दिवस भोकाची वाट कच्ची असते. या काळात नळी निसटली तर ऊती पुन्हा मिटतात आणि नळी परत घालताना ती श्वासनलिकेत न जाता पुढच्या मांसात शिरण्याचा धोका असतो. म्हणून पहिली नळी डॉक्टरच बदलतात. नळी अशी चुकीच्या वाटेने गेल्याचं इतिहासातलं एक गाजलेलं उदाहरण सांगतात. जर्मनीचा बादशहा तिसरा फ्रेडरिक १८८८ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याच्या गळ्यात नळी होती. घशाच्या कॅन्सरमुळे त्याच वर्षी फेब्रुवारीत ती घातली होती. त्याने ९९ दिवस राज्य केलं, तेही चिठ्ठ्या लिहून. एप्रिलमध्ये नळी बदलताना ती चुकीच्या वाटेने गेली, रक्त आलं आणि पुढे तिथे पू झाला, असा आरोप त्याचे इंग्रज डॉक्टर मॅकेन्झी यांनी केला. जर्मन डॉक्टरांनी तो फेटाळला, आणि दोन्ही बाजूंचं भांडण बादशहा गेल्यावरही चालू राहिलं.

या पहिल्या आठवड्यात गळा, छाती किंवा चेहरा सुजलेला दिसला आणि कातडी दाबल्यावर बोटाखाली करकर लागली, तर हवा कातडीखाली शिरली आहे. ती बऱ्याचदा आपोआप जिरते, पण छातीत हवा साठून फुप्फुस दबलेलं नाही ना, हे एक्स-रे काढून बघावं लागतं. तुम्ही फक्त नर्सला लगेच सांगायचं. कच्च्या वाटेच्या दिवसांत घरी नेण्याची घाई करू नका, खाट रिकामी करायला कुणी सांगितलं तरीही.

नळी तुंबणं: खरा शत्रू

घरी आल्यावर सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात लवकर जीव घेणारी गुंतागुंत हीच. नाक हवा गरम करतं, ओली करतं, धूळ अडवतं. गळ्यातल्या नळीतून गेलेली हवा कोरडी आणि गार, थेट आत पोचते. बेडका घट्ट होतो, नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतो, वाळतो, त्यावर दुसरा थर बसतो. माणूस दोन दिवस बरा दिसतो आणि तिसऱ्या रात्री अचानक कासावीस होतो.

आत-बाहेर अशा दोन नळ्या असलेली ट्यूब असेल तर आतली काढून धुता येते. दिवसातून निदान तीन वेळा धुवा, बेडका दाट असेल तर त्याहून जास्त. आतली नळी काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. कडेला पिवळट-तपकिरी पापुद्रा दिसला, तर उकळून गार केलेल्या पाण्यात थोडा वेळ भिजवून बारीक ब्रशने तो काढा, पाणी झटका आणि मगच नळी परत बसवा. धातूची आतली नळी उकळता येते. प्लॅस्टिकची उकळली तर तिचा आकार बिघडतो. शक्य असेल तर आतल्या दोन नळ्या ठेवा, म्हणजे एक धुताना दुसरी गळ्यात राहते. काही प्लॅस्टिक ट्यूबना आतली नळी नसतेच. त्या ट्यूब फार काळ ठेवायच्या नसतात. कधी बदलायची ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि दिनदर्शिकेवर गोल करून ठेवा.

सक्शनचं मशीन घरी असलं की माणसाला ते सारखं वापरावंसं वाटतं. ते घड्याळ लावून करायचं काम नाही. गुरगुर ऐकू आली, नळीत बुडबुडे दिसले, माणूस अस्वस्थ झाला, किंवा जेवणाआधी छाती भरलेली वाटली, तर करा. उगाच केलेल्या सक्शनने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं आणि बेडक्यात रक्ताच्या रेघा येऊ लागतात. आधी हात साबणाने धुवा. मोठ्या माणसासाठी काटा १०० ते १२० च्या आसपास ठेवा, १५० च्या वर नेऊ नका. मुलांसाठी त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढाच. कॅथेटर नळीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जाड नको. तो किती आत जायचा, हे दवाखान्यातच मोजून घ्या आणि त्यावर पेनाने खूण करा. आत घालताना बाजूच्या भोकावरचा अंगठा उचललेला, बाहेर काढताना दाबलेला. कॅथेटर आत असताना तुम्ही स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की समोरच्यालाही तो हवा आहे. दहा सेकंदांत बाहेर. मधे त्याला चार-सहा श्वास घेऊ द्या, आणि एका वेळी तीनदापेक्षा जास्त वेळा कॅथेटर घालू नका. तोंडातली लाळ काढलेला कॅथेटर पुन्हा गळ्यात घालायचा नाही. हे लहानसं वाटतं, पण न्यूमोनियाची सुरुवात बऱ्याचदा इथून होते.

आता विजेचं. आपल्या तालुक्यात जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. झाडाची फांदी तारेवर पडली की रात्र अंधारात. मशीन घेतानाच बॅटरीवर चालणारं घ्या. ते परवडत नसेल तर पायाने दाबून चालवायचा सक्शन पंप मिळतो, तो विचारा. काहीच हाताशी नसेल तर ५० मिलिलिटरच्या मोठ्या सिरिंजला कॅथेटर जोडून ओढता येतं. ही युक्ती डिस्चार्जच्या दिवशी नर्ससमोर एकदा करून बघा. रात्री दोनला ती पहिल्यांदा करू नका.

बेडका पातळ राहावा म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनची वाफ, म्हणजे नेब्युलायझर द्या. पाणी पोटात पुरेसं जाऊ द्या. आणि भोकावर ओलसर गॉझचा पडदा ठेवा. नळीवर बसवायचं ‘कृत्रिम नाक’ मिळतं, तेही चांगलं. बेडक्याने भरलं की ते बदलायचं, धुऊन परत लावायचं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची मळणी चालू असते तेव्हा माणसाला खळ्याजवळ बसवू नका. चुलीचा धूर, फोडणीचा ठसका, अगरबत्ती, पिठाच्या गिरणीतली भुकटी, गळ्याजवळ टाल्कम पावडर, सगळं टाळा. महालक्ष्मीच्या यात्रेत भंडारा उधळतात, तिथे तर नेऊच नका. दर्शन घरातून घडवा.

नळी तुंबलीच, तर काय करायचं, हे क्रमाने पाठ असू द्या. आधी नळीवरची टोपी, बोलण्याची झडप, कृत्रिम नाक, जे काही असेल ते काढा. मग आतली नळी काढा. बऱ्याचदा इथेच श्वास मोकळा होतो आणि धुतलेली दुसरी आतली नळी बसवली की झालं. नाही झालं तर सक्शन कॅथेटर घालून बघा. तो गेला तर ओढा. कॅथेटर जातच नसेल आणि नळीच्या आतल्या टोकाशी हवेचा फुगा असेल, तर सिरिंजने फुग्यातली हवा काढा, म्हणजे नळीच्या कडेने तरी हवा जाईल. तरीही माणूस निळा पडत असेल, तर पट्टी कापा आणि सगळी नळी काढून टाका. हे सगळ्यांना भयंकर वाटतं. पण पूर्ण तुंबलेली नळी बाटलीच्या बुचासारखी आहे: ती ठेवण्यात काही वाचत नाही. एव्हाना वाट पक्की झालेली असते, नळी काढली तरी भोक लगेच मिटत नाही. घालायला शिकवलं असेल तर एक नंबर लहान नळी जेली लावून घाला. शिकवलं नसेल तर भोक उघडं ठेवा. घरात ऑक्सिजन असेल तर भोकावर धरा, आणि वरची वाट उघडी असेल तर नाका-तोंडावरही. श्वासच थांबला तर वरची वाट उघडी असलेल्याचं भोक हाताने झाकून तोंडाने श्वास द्या. स्वरयंत्र काढलेल्याला भोकावरूनच द्या.

हे चालू असताना दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन लावायचा. ‘नंदगड’ एवढं सांगून भागत नाही. रायण्णाच्या समाधीकडून की बसस्टँडकडून, कुठली गल्ली, घराची कुठली खूण, आणि ‘पेशंटच्या गळ्यात श्वासाची नळी आहे’, हे पहिल्या वाक्यात सांगा. गाडी यायला लागणारा वेळ मोजत बसू नका. घरचं वाहन तयार असेल तर निघा आणि वाटेत गाठ घाला.

याच्यासाठी एक पिशवी कायम भरलेली हवी: त्याच नंबरची एक नळी, एक नंबर लहान दुसरी, पट्टी, कात्री, जेली, दहा मिलिलिटरची सिरिंज, कॅथेटर, सलाइन, गॉझ, टॉर्च आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. पिशवी खाटेच्या खिळ्याला लटकवा. माणूस पडवीत बसला तर पिशवी पडवीत, न्हाणीत गेला तर न्हाणीच्या दारात.

नळी सरकणं

खोकल्याचा जोराचा ठसका, झोपेत ओढलेला हात, कपडे बदलताना अडकलेली बाही, एवढ्याने नळी बाहेर येते. पट्टी आणि मान यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जाईल इतकीच ढिली ठेवा. पट्टी बदलायला दोघं लागतात: एकाने नळीचे पंख धरून ठेवायचे, दुसऱ्याने पट्टी बांधायची. एकट्याने बदलायचीच वेळ आली तर आधी नवी बांधा, मग जुनी कापा. डोक्याला मार लागून गोंधळलेला माणूस स्वतःच नळी उपटतो. त्याचे हात दोरीने बांधण्याऐवजी हातमोजा किंवा जाड मोजा घाला आणि कुणीतरी जवळ बसा.

रक्त

पहिल्या एक-दोन दिवसांत गॉझ लालसर होणं किंवा सक्शननंतर गुलाबी रेघ दिसणं, यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. पण त्यानंतर, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, ताजं लाल रक्त चमचाभर जरी आलं आणि आपोआप थांबलं, तरी ते विसरू नका. श्वासनलिकेच्या अगदी पुढून एक मोठी धमनी जाते. नळीचं टोक किंवा जास्त फुगवलेला फुगा आतून घासत राहिला तर भिंत झिजून त्या धमनीला भोक पडू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं अवघड. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना मोठ्या रक्तस्रावाआधी असं थोडं रक्त येऊन थांबलेलं असतं. नळी नाडीच्या ठोक्यासरशी हलताना दिसली, तर तीही सूचना समजा. ‘थांबलं की, सकाळी बघू’ असं न म्हणता त्याच रात्री थेट बेळगाव गाठा. वाटेत जवळच्या दवाखान्यात टाके घालत वेळ घालवू नका. भळाभळा रक्त आलं आणि नळीला फुगा असेल, तर सिरिंजने तो नेहमीपेक्षा जास्त फुगवा, म्हणजे आतून दाब पडेल आणि रक्त फुप्फुसात कमी जाईल, आणि तसंच घेऊन जा.

फुग्याबद्दल आणखी एक. घरी व्हेंटिलेटर नसलेल्या बहुतेकांना तो फुगवून ठेवायची गरज नसते. आपल्या माणसाला आहे का ते विचारून घ्या. फुगवायचाच असेल तर दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा लागतो. बाहेरचा छोटा फुगा बोटाने दाबून तो कळत नाही, त्यासाठी मोजण्याचं यंत्र लागतं. आणि फुगा फुगवलेला असताना बोलण्याची झडप किंवा टोपी कधीही लावायची नाही. झडप लावली तर हवा आत जाते आणि बाहेर यायला वाट राहत नाही. टोपी लावली तर आतही जात नाही. माणूस तुमच्या डोळ्यांदेखत जातो.

जखम, माश्या आणि पोटातलं अन्न

भोकाच्या कडा रोज सलाइनच्या गॉझने पुसा आणि कोरड्या करा. लाल, गरम, दुखरी कडा, हिरवट पू, घाण वास, ताप, यांपैकी काही दिसलं की डॉक्टरांना दाखवा. भोकाच्या कडेला लाल मांस वाढतं, ते हाताळलं की रक्त येतं. डॉक्टर ते जाळून काढतात. घरी चुना, हळद, तेल असलं काही लावायचं नाही.

लोक बोलायला लाजतात अशी एक गोष्ट आहे. गळ्यातल्या भोकात अळ्या होणं आपल्या देशात नवं नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस, उघडं भोक, गोठा जवळ, माश्यांचे दिवस: दुपारच्या झोपेत माशी अंडी घालून जाते. भोकावर कायम गॉझचा पडदा आणि दिवसासुद्धा मच्छरदाणी, एवढ्याने हे टळतं. अळ्या दिसल्याच तर गुरांच्या जखमेत ओततात तसं टर्पेंटाइन किंवा रॉकेल ओतू नका, ते थेट फुप्फुसात जाईल. आणि शरमून घरी बसू नका. कान-नाक-घशाचे डॉक्टर हे रोज नाही, पण बघतात.

जेवताना माणूस उठून बसलेला हवा, अंथरुणावर असेल तर पाठ निदान अर्धी वर, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसाच. नाकातून पोटात नळी असली तरी नियम तोच. गिळायला सुरुवात करायची परवानगी डॉक्टरांनी दिली असेल तर घट्टसर पेज किंवा नाचणीची आंबील पाण्यापेक्षा सोपी जाते; घटाघट पाणी सगळ्यात आधी ठसक्यात जातं. गळ्यातल्या नळीतून भाताचं शीत, दूध किंवा चहा बाहेर आला, किंवा प्रत्येक घासाला खोकला येऊ लागला, तर तोंडाने देणं तिथेच थांबवा आणि दवाखान्यात जा. अन्न चुकीच्या वाटेने जात असेल, किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडलं असेल. पोटात जाणारी नळी एका बाजूने आणि जास्त फुगवलेला फुगा दुसऱ्या बाजूने, अशी भिंत दोघांत चिरडली की असं होतं. वरचेवर न्यूमोनिया होणं आणि पोट हवेने फुगणं, ही त्याचीच लक्षणं.

आंघोळ घाला, पण पाणी गळ्याच्या खाली. विहीर, तळं, मलप्रभेचा डोह, नळी असेपर्यंत बंद.

जुनी धातूची नळी

धातूची नळी टिकते, स्वस्त पडते, म्हणून काही माणसं ती वर्षानुवर्षं तीच वापरतात. रोजच्या उकळण्याने आणि पाझरणाऱ्या ओलाव्याने ती झिजते, आणि पंख आणि नळी जिथे जोडलेले असतात तिथून तुटते. पंख गळ्यात राहतो, नळी घसरून फुप्फुसाच्या फांदीत जाते. दुर्बीण घालून काढावी लागते. नळी धुताना तो सांधा रोज बघा: काळा डाग, भेग, डुगडुग, काही दिसलं तर नवी घ्या. रेडिएशन चालू असताना आणि एमआरआयच्या वेळी धातूची नळी चालत नाही. तुम्ही आठवण करून दिल्याशिवाय तिकडच्या माणसाच्या ते लक्षात येईलच असं नाही.

हाक मारता येत नाही

नळी असलेल्या माणसाच्या तोंडून बहुधा आवाज निघत नाही. नळी असलेलं लहान मूल रडतं आणि शेजारच्या खोलीत काही ऐकू येत नाही. त्याच्या नळ्या बारीक, चटकन तुंबणाऱ्या. अशा मुलाला एका क्षणासाठीही एकटं ठेवू नका, रात्री त्याच्याजवळ झोपा. मोठ्यांना सायकलची घंटा किंवा स्टीलची वाटी आणि चमचा उशाशी द्या. पाटी-पेन्सिल द्या. प्रश्न विचारताना मान हलवून उत्तर देता येईल असे विचारा. वरची वाट उघडी असलेल्यांना पुढे बोट ठेवून किंवा झडप लावून बोलता येतं. स्वरयंत्र काढलेल्यांसाठीही उपाय आहेत, बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी पन्नास रुपयांच्या आसपासचं ‘ऑम’ हे आवाजाचं उपकरण तयार केलं. ते आपल्या माणसाला बसेल का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

कागद आणि खर्च

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सूचना बऱ्याचदा कन्नडमध्ये, आणि ऐकणारी माऊली मराठी. बेळगावच्या दवाखान्यांत मराठी कळणारं कुणी ना कुणी असतंच. त्यांना थांबवा, पुन्हा सांगायला लावा, स्वतः करून दाखवा, आणि परवानगी घेऊन फोनवर व्हिडिओ काढा. नळीचा प्रकार, नंबर, घातल्याची तारीख, फुगा आहे की नाही, पुढची नळी कुठे आणि कधी बदलायची, एवढं कार्डावर असल्याशिवाय निघू नका. चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात बांबोळीच्या दवाखान्यात जाऊन आलेल्यांनाही हेच लागू.

बीपीएल कुटुंबांना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं ठरवलं. तुमचं गाव आणि कागद त्यात बसतात का, याची चौकशी भरती होण्याआधी करा, बिल झाल्यावर नाही. सक्शन मशीन, कॅथेटर, गॉझ यांचा घरचा खर्च मात्र सहसा स्वतःलाच करावा लागतो.

नळी काढल्यानंतर

नळी काढली, भोकावर पट्टी बसली, काही दिवसांत ते मिटत आलं की घर सुटकेचा श्वास सोडतं. भोक महिन्या-दोन महिन्यांतही बुजलं नाही तर लहानशी शस्त्रक्रिया करून बंद करतात, त्यात विशेष काही नाही. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या गोष्टीवर. जिथे नळी किंवा फुगा टेकला होता तिथे आत वण धरतो आणि श्वासनलिका हळूहळू आवळत जाते. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. ती निम्म्यावर आली की चढ चढताना दम लागतो, पाचेक मिलिमीटरवर आली की बसल्या जागी श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो. हे नळी काढल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी सुरू होतं. तोवर घरचे ती नळी विसरलेले असतात, जवळचा डॉक्टर छाती तपासतो, घरघर ऐकतो आणि दम्याचा पंप देतो. पंपाने फरक पडत नाही, म्हणून दुसरा पंप. कोविडच्या लाटांनंतर व्हेंटिलेटरवरून वाचलेल्या अनेकांच्या बाबतीत असंच घडलं.

नंदगडच्या आरोग्य केंद्रात असो की खानापूरच्या तालुका दवाखान्यात, दम लागतो म्हणून गेलात तर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘याच्या गळ्यात अमुक महिने श्वासाची नळी होती.’ जुनी फाईल पुढे ठेवा. गळ्याचा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने तपासणी केली की किती आवळलंय ते कळतं. लवकर कळलं तर दुर्बिणीतून रुंद करून भागतं; उशीर झाला तर श्वासनलिकेचा आवळलेला तुकडा काढून टोकं जोडावी लागतात, किंवा टी-आकाराची नळी पुन्हा काही महिने ठेवावी लागते. हे काम मोठ्या केंद्रातच होतं, तेव्हा श्वासाला आवाज येऊ लागल्यावर पंप बदलत बसण्याआधी तिथली वेळ घ्या.